रामकुंडावरील क्रम आणि खोळंबा

पंचवटी हा नाशिक शहराचा गोदावरीच्या डाव्या तीरावरील भाग असून, तेथे नदीच्या पात्रातच बांधलेले रामकुंड सुमारे 27 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद आहे व ते 1696 मध्ये बांधले गेल्याची नोंद मिळते. गुरू ग्रह सिंह राशीत आला, म्हणजे साधारणपणे दर बारा वर्षांनी, येथे सिंहस्थ, म्हणजेच नाशिकचा कुंभमेळा, भरतो, आणि त्या काळातील ज्या मोजक्या तिथींना गोदास्नानाचे विशेष पुण्य मानले जाते त्यांना पर्वणी म्हणतात. दिवस ठरलेला, जागा ठरलेली आणि मुहूर्तही ठरलेला, अशा स्थितीत आलेल्या सर्वांना एकाच वेळी पाण्यात उतरता येणे शक्य नसल्यामुळे, आधी कोणी उतरावे आणि उरलेल्यांनी कोठे व किती वेळ थांबावे, असे दोन प्रश्न प्रत्येक पर्वणीला उभे राहतात. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शस्त्रे उपसली गेली, दरबारात फिर्यादी झाल्या, निवाडे दिले गेले. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले, आणि पंचवटीच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी मनुष्यहानी या उशिराशी जोडलेली आहे.

प्रश्नाचे मोठेपण एका साध्या हिशेबाने लक्षात येते. वरील मापांनुसार कुंडाचे क्षेत्रफळ सुमारे 324 चौरस मीटर भरते. प्रत्येक स्नानार्थीला एक चौरस मीटर जागा दिली, आणि उतरणे, बुडी मारणे, अर्घ्य देणे व बाहेर पडणे यांसाठी केवळ पाच मिनिटे धरली, तर तासाला चार हजारांहून कमी आणि अखंड चोवीस तासांत एक लाखाहून कमी माणसे कुंडात स्नान करू शकतील. एवढी शिस्त आणि एवढी घाई भाविकांकडून अपेक्षित धरणे योग्यही नाही, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता याहून बरीच कमी असणार. सिंहस्थाच्या पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येत असल्याने नदीला पाणी चढले की तीही घटते. लाखोंनी येणाऱ्या यात्रेच्या तुलनेत रामकुंड हे फार लहान सेवास्थान आहे, ही वस्तुस्थिती पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावी लागते.

एरवीच्या दिवसांत, म्हणजे सिंहस्थ नसताना, पंचवटीने गर्दीचा हा प्रश्न फार पूर्वीच एका वेगळ्या रीतीने सोडवला होता. येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. गाव, कूळ आणि आडनाव यांनुसार प्रत्येक कुटुंबाचा उपाध्याय ठरलेला असतो, आणि पूर्वजांपैकी कोण केव्हा येऊन गेले याच्या नोंदी त्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या असतात. या व्यवस्थेकडे वंशावळींचा साठा म्हणून पाहण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिचा आणखी एक उपयोग होता, तो असा की घाटावर आलेला यात्रेकरू एका लांब रांगेत न लागता थेट आपल्या उपाध्यायाकडे जाई आणि गर्दी आपोआप अनेक छोट्या प्रवाहांत विभागली जाई. श्राद्ध, पिंडदान किंवा अस्थिविसर्जन यांसाठी येणाऱ्यांचा ओघ वर्षभर चालू असूनही तो बहुधा निभावून जातो, यात या विभागणीचा वाटा मोठा आहे. पर्वणीला मात्र ही विभागणी अपुरी पडते, कारण त्या दिवशी प्रत्येकाला हवा असतो तो उपाध्याय नव्हे, तर पाण्यातील जागा आणि विशिष्ट घटका.

पर्वणीच्या स्नानात अग्रमान असतो तो आखाड्यांचा. आखाडा म्हणजे साधूंची, मुख्यतः शस्त्रधारी परंपरा असलेली, संघटित संस्था. आज मान्यता असलेल्या तेरा आखाड्यांपैकी सात शैव संन्याशांचे, तीन वैष्णव बैरागी साधूंचे आणि तीन उदासीन व निर्मल पंथांचे आहेत. वैष्णवांच्या तीन संघटनांना अणी म्हणतात: दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी. अठराव्या शतकात हे आखाडे धर्मसंस्था तर होतेच, शिवाय सावकारी व व्यापार करणारे आणि राजेरजवाड्यांना सैन्य पुरवणारे सत्ताधारी गटही होते. त्यामुळे कुंभमेळ्यात पाण्यात प्रथम कोण उतरतो, यावरून त्या त्या आखाड्याचा दर्जा सर्वांसमोर जाहीर होत असे; मागे राहणे म्हणजे थोडा वेळ थांबणे एवढेच नसून, आपले कनिष्ठत्व जमलेल्या लोकांसमोर मान्य करणे होते.

या स्पर्धेचा सर्वांत भीषण उद्रेक नाशिकच्याच परिसरात झाला. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1789 च्या सिंहस्थात, त्र्यंबकेश्वर येथे स्नानाच्या क्रमावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात लढाई जुंपली, आणि तीत बारा हजार साधू मारले गेल्याचा उल्लेख पेशवेकालीन मानल्या जाणाऱ्या एका ताम्रपटाच्या आधारे दिला जातो. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे, कारण जुन्या लेखांतील मोठ्या संख्या पुष्कळदा संहाराचे स्वरूप सांगण्यासाठी वापरलेल्या असतात. तरी तंटा पेशव्यांच्या दरबारापर्यंत गेला आणि त्याचा निकाल लावणे राज्यकर्त्यांना भाग पडले, यावरून त्याची तीव्रता कळते. पुढे जी वाटणी रूढ झाली तीनुसार शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त तीर्थावर आणि वैष्णव अण्यांनी पंचवटीच्या रामकुंडावर स्नान करावे असे ठरले. उदासीन व निर्मल आखाडेही त्र्यंबकेश्वरीच स्नान करतात. सुमारे तीस किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी एकच सिंहस्थ भरण्यामागे हा इतिहास आहे.

या निर्णयातील शहाणपण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. दोन प्रबळ पक्षांपैकी कोण आधी, असा निवाडा दिला असता तर हरलेला पक्ष बारा वर्षे अपमान जपून पुन्हा शस्त्रे घेऊन आला असता. त्याऐवजी क्रमाचा प्रश्नच दूर करून एका सेवास्थानाची दोन सेवास्थाने केली गेली, आणि प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी प्रथम स्थान मिळाले. पुढील काळात कुंभमेळ्याच्या इतर क्षेत्री, जेथे सर्व तेरा आखाडे एकाच पाण्यात उतरतात, तेथे हा मार्ग उपलब्ध नव्हता. म्हणून तेथे स्थळाऐवजी वेळेची वाटणी झाली आणि ती हळूहळू मिनिटांपर्यंत पोहोचली. प्रयागराजच्या 2025 च्या मेळ्यात प्रथम जाणाऱ्या महानिर्वाणी आखाड्याला घाटावर चाळीस मिनिटे नेमून दिली होती, आणि त्यानंतरच्या प्रत्येक आखाड्याची छावणीतून निघण्याची, घाटावर पोहोचण्याची व घाट सोडण्याची वेळ आधीच जाहीर केली होती. रामकुंडावर तीनच अण्या असल्याने काम तुलनेने सोपे असले, तरी तपोवनातील साधुग्रामातून, म्हणजे साधूंच्या छावणीतून, निशाणे, इष्टदेवता, महंत आणि खालसे (अण्यांचे पोटगट) यांच्यासह निघणाऱ्या मिरवणुकांची वाट, वेळ आणि आपसातील क्रम यांबाबत प्रत्येक सिंहस्थात वाटाघाटी कराव्या लागतात.

येथवर ज्यांचा विचार झाला ते सर्व मानाचे धनी होते. ज्यांना कोणताही मान नव्हता, जे गावोगावाहून पायी, बैलगाडीने आणि नंतर रेल्वेने येत, त्यांच्या प्रतीक्षेची नोंद जुन्या कागदांत सहसा संकट कोसळल्यावरच आढळते. हरिद्वार येथे 1820 च्या कुंभात हर की पैडीच्या अरुंद पायऱ्यांवर झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे 430 माणसे मेली, आणि त्यानंतर सरकारने तो घाट रुंद केला. जागा वाढवण्याचे काम मृत्यूनंतर हाती घेण्याचा हा क्रम पुढेही वारंवार दिसतो.

पंचवटीत मात्र आणखी मूलभूत असा एक प्रश्न होता. रांगेत पुढे-मागे होण्याचा प्रश्न तिच्यात उभे राहण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्यापुरता असतो, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाला तो अधिकारच नाकारलेला होता. रामकुंडापासून थोड्याच अंतरावरील काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्थानिक पातळीवर नेटाने चालवला. त्या वर्षीच्या रामनवमीच्या सुमारास रामाचा रथ ओढण्यात दोन्ही बाजूंनी सहभागी व्हावे अशी तडजोड ठरली होती, पण ती मोडली गेली आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मंदिराचे दरवाजे बंदच राहिले; पाच वर्षे चाललेला हा लढा थांबवल्यानंतर 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. अग्रक्रमाच्या इतिहासात या लढ्याचा समावेश करणे अपरिहार्य आहे, कारण ज्याला कायम थांबवून ठेवले आहे आणि ज्याची पाळी कधी येणारच नाही, त्याची प्रतीक्षा ही प्रतीक्षा राहत नाही, तो बहिष्कार ठरतो. आणि कोणत्याही क्रमव्यवस्थेची पहिली कसोटी हीच असावी की तिच्यातील शेवटच्या माणसाची पाळी निश्चितपणे येते का.

रांगांचा शास्त्रीय अभ्यास या सर्व घडामोडींच्या मानाने बराच अलीकडचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी 1909 मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांवर प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून त्याचा आरंभ मानतात. त्यातील 'भार' ही कल्पना मुख्य आहे: येणाऱ्यांची सेवा करण्यास लागणारा वेळ उपलब्ध वेळेच्या किती हिस्सा व्यापतो, याचे प्रमाण म्हणजे भार. माणसे अनियमितपणे येत असतील, प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल आणि सेवा देणारे ठिकाण एकच असेल, अशा सर्वांत साध्या नमुन्यात भार निम्मा असताना सरासरी प्रतीक्षा एका माणसाच्या सेवेइतकी असते, भार नव्वद टक्के झाला की ती नऊपट होते आणि पंचाण्णव टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या थोड्या क्षमतेवर प्रतीक्षेचे सगळे ओझे असते, हे या गणिताचे पहिले सांगणे आहे.

अग्रक्रम असलेल्या रांगांचे गणित 1954 मध्ये ॲलन कोबॅम यांनी मांडले, आणि पुढे लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी प्रतीक्षेच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध केला. त्याचा आशय असा की, सेवेचे ठिकाण कधीही विनाकारण रिकामे राहत नसेल, तर क्रम कसाही लावला तरी एकूण प्रतीक्षा, प्रत्येक वर्गाच्या भाराच्या प्रमाणात मोजली असता, तेवढीच राहते. एका वर्गाची जेवढी कमी करावी तेवढी दुसऱ्याच्या वाट्याला जाते. वरच्याच नमुन्यात एकूण भार नव्वद टक्के असून त्यांपैकी वीस टक्के अग्रक्रमाच्या वर्गाचा असला, तर त्या वर्गाची सरासरी प्रतीक्षा नऊपटीवरून सव्वापटीच्याही खाली येते आणि उरलेल्यांची नऊपटीवरून सव्वाअकरापटीवर जाते. म्हणजे मानाचा गट लहान असेल तर त्याला पुढे जाऊ देण्याची किंमत इतरांना सोसवते. ही किंमत असह्य होते ती घाट रिकामा ठेवल्यामुळे. मिरवणूक येण्याआधी घाट मोकळा करणे, ती येईपर्यंत तो तसाच राखणे आणि ती गेल्यावर पुन्हा लोकांना आत सोडण्यास वेळ लावणे, यांत क्षमतेचा केवळ विसावा भाग वाया गेला, तरी याच गणितानुसार सरासरी प्रतीक्षा नऊपटीवरून अठरापटीवर, म्हणजे दुपटीवर जाते. पर्वणीची गर्दी एका दिवसात उसळून ओसरणारी असल्याने हे आकडे तिला तंतोतंत लागू पडणार नाहीत. पण अग्रक्रम आणि रिकामा घाट यांतील भेद त्यांतून स्वच्छ दिसतो, आणि सिंहस्थाच्या नियोजनात तो भेद फार काळ केला गेला नाही, असे म्हणणे भाग आहे.

या गणितात प्रतीक्षा वेळेत मोजली जाते, आणि प्रतीक्षा करणाऱ्याला जागा लागते ही बाब गृहीत धरून सोडून दिलेली असते. काळाराम मंदिराकडून सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणारी वाट अरुंद आणि उताराची आहे. जुन्या वाड्यांच्या दाटीतून जाणाऱ्या या वाटेला फाटे थोडे आहेत. दिनांक 27 ऑगस्ट 2003 रोजी, श्रावणी अमावास्येच्या पर्वणीला, साधूंचे शाही स्नान, म्हणजे आखाड्यांचे मिरवणुकीने होणारे मानाचे स्नान, आधी व्हावे म्हणून भाविकांना बांबूंच्या अडथळ्यांमागे रोखून धरले होते. मिरवणुकीतील एका साधूने नाणी उधळली आणि ती वेचण्यासाठी लोक वाकले, असे त्या वेळच्या वृत्तांतून नोंदवले गेले. क्षणार्धात गर्दी उतारावरून कोसळली, 39 जणांचा मृत्यू झाला आणि शंभराहून अधिक जखमी झाले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. नाण्यांची गोष्ट लोकांच्या स्मरणात राहिली, कारण ती सांगायला सोपी आहे. परंतु ज्या गर्दीत एक हात खाली गेल्याने माणसे दगावतात, ती गर्दी नाणी पडण्यापूर्वीच धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते, आणि तिला तेथे तासन्‌तास उभे करणारा निर्णय हाच विचाराचा मुख्य विषय असायला हवा होता. माणसे कोठे थांबतील, त्यांना मागे फिरता येईल का, मागून येणाऱ्यांना पुढे काय चालले आहे ते कळेल का, हे प्रश्न साधूंच्या क्रमाइतक्याच काटेकोरपणे विचारले गेले असते, तर सरदार चौकातील त्या अरुंद उताराची निवड प्रतीक्षास्थान म्हणून झाली नसती.

त्यानंतरच्या, 2015 च्या सिंहस्थात या अनुभवाची छाप स्पष्ट दिसते. शाही मार्गाची नव्याने आखणी झाली आणि गोदावरीच्या काठाने टाकळी, दसक-पंचक अशा खालच्या अंगाला नवे घाट बांधून, वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या भाविकांना रामकुंडावर न आणता त्यांच्या वाटेवरच्या घाटांवर स्नानाची सोय केली गेली. अठराव्या शतकात शैव-वैष्णवांच्या बाबतीत जो उपाय योजला होता, तोच येथे सामान्य यात्रेकरूंसाठी वापरला गेला: सेवास्थाने वाढवा आणि प्रवाह वाटून द्या. दिनांक 29 ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की लोकांना फार लांब चालावे लागले आणि घाट अपेक्षेपेक्षा मोकळे राहिले. टीका झाल्यावर 13 सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीसाठी निर्बंध सैल करण्यात आले. मेळा चेंगराचेंगरीविना पार पडला, आणि तीन पर्वण्यांमधील काही दिवसांच्या अंतरात चूक ओळखून ती सुधारता आली, हे त्या नियोजनाचे खरे यश मानले पाहिजे.

अग्रक्रमाचा वर्ग स्वतःहून मागे सरू शकतो, हे अगदी अलीकडे प्रयागराज येथे दिसून आले. दिनांक 29 जानेवारी 2025 रोजी, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमाजवळ अडथळे मोडून झालेल्या चेंगराचेंगरीत शासकीय निवेदनानुसार 30 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आखाड्यांनी आपले ठरलेले स्नान रोखून धरले, लोकांना आधी जाऊ दिले आणि स्वतः त्याच दिवशी उशिरा स्नान केले. क्लाइनरॉक यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या एका पद्धतीत थांबणाऱ्याचा अग्रक्रम थांबलेल्या वेळेबरोबर वाढत जातो, जेणेकरून खालच्या वर्गातील माणूसही फार काळ मागे पडत नाही. आखाड्यांनी संकटानंतर जे केले ते तत्त्वतः हेच होते. ते संकटापूर्वी, पूर्वनियोजित रीतीने करता येण्यासारखे आहे: ठरावीक मर्यादेपलीकडे लोक थांबले, किंवा एखाद्या चौकातील दाटी ठरावीक पातळीला पोहोचली, की पुढील मिरवणूक साधुग्रामातच थांबेल आणि घाट लोकांसाठी खुला होईल, असा करार आखाड्यांशी आधीच होऊ शकतो. साधूंना तपोवनात थांबायला मोकळी जागा आहे; सरदार चौकात ती कोणालाच नाही.

आता शाही स्नानाला अमृत स्नान म्हटले जाते, आणि पुढील सिंहस्थासाठी जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी असून, रामकुंडावरील अमृत स्नाने 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर 2027 रोजी होतील. या तिन्ही दिवसांसाठी अण्यांच्या वेळा मिनिटामिनिटाने छापल्या जातील. त्याच तक्त्यात, त्याच अक्षरांत, घाट लोकांसाठी केव्हा खुला होईल, कोणत्या घाटावर अंदाजे किती वेळ थांबावे लागेल आणि ते थांबणे कोणत्या मैदानात होईल, हेही नियोजन करणाऱ्यांनी छापावे.